पाकिटातला रेशमी झेंडा

चिप्सचं पाकीट फोडायचं, चिप्स बाजूला सारायच्या आणि आधी आतला टॅझो शोधायचा. हे तुम्ही केलं नसेल, तर तुमच्या दादा-ताईनं नक्की केलंय. एखादा नंबर राहिलेला असायचा. मग तो मिळेपर्यंत नको असलेली पाकिटं घेणं, वर्गात ‘तुझ्याकडे डबल आहे का?’ विचारत फिरणं, दोन साध्यांच्या बदल्यात एक भारी मिळवणं. सगळा धंदा बाकावर बसून चालायचा.

हाच खेळ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिका आणि इंग्लंडमधली मोठी माणसं खेळत होती. फरक इतकाच की त्यांच्या पाकिटात चिप्सऐवजी सिगारेटी होत्या आणि टॅझोच्या जागी होता चक्क रेशमाचा तुकडा. त्यावर कुठल्या तरी देशाचा झेंडा, एखाद्या राज्याचं राजचिन्ह, पलटणीचं निशाण, शहराची मुद्रा. संग्राहकांच्या भाषेत यांना ‘सिगारेट सिल्क’ म्हणतात. नीट बघायला शिकलात, तर त्या काळात जग कुणाच्या नजरेनं पाहिलं जात होतं हे हा इवलासा तुकडा सांगून टाकतो. आपण त्या जगात कुठे होतो, हेही सांगतो. आणि तो भाग जरा टोचणारा आहे.

आधी पुठ्ठा, मग रेशीम

सुरुवात साध्या गरजेतून झाली. एकोणिसाव्या शतकात सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. सिगारेटी चेपू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवला जायचा. या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापलं तर? कंपन्यांनी ते केलं आणि ‘सिगारेट कार्ड’ जन्माला आलं. अमेरिकेतल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीनं १८८७ मध्ये जगातल्या देशांच्या झेंड्यांची कार्डं काढली. म्हणजे झेंडे या खेळात अगदी सुरुवातीपासून आहेत.

त्याच दशकात आणखी एक गोष्ट घडली. जेम्स बॉन्सॅकनं सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं. हातानं वळणारा कामगार दिवसाला दोन-तीन हजार सिगारेटी करायचा. हे यंत्र दिवसाला लाखाच्या वर करू लागलं. जेम्स ब्यूकॅनन ड्यूक नावाच्या कारखानदारानं ते यंत्र उचललं, १८९० मध्ये पाच मोठे कारखाने एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली आणि बाजारच ताब्यात घेतला. (एमएससाठी कुणी ड्यूक युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरत असाल, तर ते नाव याच घराण्याचं. १९२४ मध्ये याच ड्यूकनं दिलेल्या प्रचंड देणगीनंतर कॉलेजनं नाव बदललं.)

आता माल ढिगानं तयार होत होता. प्रश्न होता तो खपवायचा. सगळ्यांची सिगारेट साधारण सारखीच, मग गिऱ्हाईकानं आपलाच ब्रँड का घ्यावा? उत्तर पाकिटाच्या आत होतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुठ्ठ्याच्या जोडीला रेशीम आणि सॅटिनचे छापील तुकडे आले. फलालीनचेही आले, त्यांना तिकडे ‘ब्लँकेट’ म्हणतात. इंग्लंडमध्ये या खेळात सगळ्यात पुढे होती लंडनची गॉडफ्रे फिलिप्स ही कंपनी आणि तिचा बी.डी.व्ही. हा ब्रँड. पहिल्या महायुद्धाच्या काळात या ब्रँडनं झेंडे, पलटणींची चिन्हं, शहरांच्या मुद्रा, सेनापतींची चित्रं अशा मालिकांचा पाऊस पाडला. हे नाव ओळखीचं वाटलं? बरोबर, गॉडफ्रे फिलिप्स इंडिया. तिचं मूळ याच लंडनच्या कंपनीत. भारतातली कंपनी १९३६ मध्ये सुरू झाली.

ओढायचा तो, जमवायची ती

पण पुठ्ठा स्वस्त असताना रेशीम कशाला? कारण पुठ्ठा मुलं खिशात ठेवतात, कापड मात्र घरातली बाई जपून ठेवते.

त्या काळी बाईनं चारचौघांत सिगारेट ओढणं म्हणजे गहजब होता. न्यूयॉर्क शहरानं जानेवारी १९०८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी बायकांच्या सिगारेट ओढण्यावर बंदी आणणारा नियमच करून टाकला. महापौरांनी तो दोन आठवड्यांत रद्द केला, पण हवा काय होती ते कळतं. अशा वेळी बायकांना थेट सिगारेट विकणं कठीण. मग कंपन्यांनी मागच्या दारानं प्रवेश केला. सिगारेट नवऱ्यानं ओढायची आणि रेशमी तुकडा बायकोनं जमवायचा. ते तुकडे जोडून उशांचे अभ्रे करा, टेबलक्लॉथ करा, गोधडी शिवा, अशा कल्पनाही लढवल्या गेल्या. गोधडी एका तुकड्याची होत नाही. तिला पन्नास लागतात, शंभर लागतात. म्हणजे तितकी पाकिटं आली. ‘अहो, येताना तोच ब्रँड आणा, अजून सहा झेंडे राहिलेत’ हे वाक्य इंग्रजीत किती घरांत बोललं गेलं असेल, विचार करा.

आणि गिऱ्हाईक म्हणून फक्त नवरे नव्हते. तुमच्यासारखे कॉलेजवालेही होते. अमेरिकेत एका ब्रँडनं कॉलेजांचे सिल्क काढले. एका तुकड्यावर त्या कॉलेजचा झेंडा, शिक्का, गाणं आणि मॅचमध्ये द्यायची आरोळी असं सगळं! फेस्टच्या टी-शर्टवर छापतो तसलं पॅकेज, फक्त स्पॉन्सर तंबाखूवाला.

यात एक सुंदर उलटफेरही झाला. जाहिरातीसाठी काढलेल्या या फुकटच्या चिंध्यांमधून बायकांनी खरोखर देखण्या गोधड्या शिवल्या. मधोमध मोठा झेंडा, भोवती लहान झेंड्यांची महिरप, काठाला जरतारी टाके. तो ब्रँड आज कुणाला आठवत नाही. गोधडी मात्र टिकली. आपल्या आजीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी ज्यांच्या घरी आहे, त्यांना यातलं मोल वेगळं सांगायला नको.

झेंडा बघा, साल सांगा

आता खऱ्या मजेकडे येऊ. या तुकड्यांवर साल छापलेलं नसतं. मग तो कधीचा हे ओळखायचं कसं? झेंड्यावरूनच. देश बदलतात, राजे पडतात, झेंडे बदलतात. थोडा इतिहास माहीत असेल तर हा डिटेक्टिव्हगिरीचा भन्नाट खेळ आहे.

पोर्तुगालचा झेंडा घ्या. निळा-पांढरा आणि त्यावर मुकुट असेल, तर तो राजेशाहीचा. राजेशाही १९१० मध्ये उलथली आणि हिरवा-लाल झेंडा आला. गोव्याच्या वाचकांना हा हिरवा-लाल ओळखीचा असेल. १९६१ पर्यंत तिथे तोच फडकत होता.

चीनच्या पिवळ्या झेंड्यावर ड्रॅगन असेल, तर ती बादशाही. ती १९१२ मध्ये संपली आणि पाच रंगी पट्ट्यांचा झेंडा आला. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, लाल झेंड्यावर पांढरा हत्ती दिसला तर तो जुना. आजचा पाच पट्ट्यांचा झेंडा १९१७ चा. अमेरिकेच्या झेंड्यावरचे तारे मोजा. १९०८ ते १९१२ या काळात ते ४६ होते, १९१२ मध्ये ४८ झाले. ऑस्ट्रिया-हंगेरी दिसला, तर लक्षात घ्या की हा देशच १९१८ मध्ये नकाशावरून गेला.

पण थांबा, इथे एक गोम आहे. पोर्तुगालचा हिरवा-लाल झेंडा असेल तर तो तुकडा १९१० च्या आधीचा असूच शकत नाही, हे पक्कं. उलटं मात्र पक्कं नाही. निळा-पांढरा दिसला म्हणून तो आधीचाच, असं म्हणता येत नाही. छापखान्यात जुना ठसा पडलेला असेल, कुणी बदललाच नसेल. म्हणजे झेंडा ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच खात्रीनं सांगतो. इतिहासाच्या सरांनी पुरावा म्हणजे काय हे तीन लेक्चरमध्ये सांगितलं नसेल, ते हा तुकडा तीन मिनिटांत शिकवतो.

अनेक अमेरिकन सिल्कवर ब्रँडचं नाव आणि अगदी बारीक अक्षरात कारखान्याचा नंबर आणि विभागही असतो. झेंड्यावरून काळ, नंबरावरून कारखाना. संग्राहक भिंग घेऊन बसतात ते यासाठी.

ढालीवरचा सिंह

झेंड्यांइतकीच मोठी मालिका राजचिन्हांची. मध्ये ढाल, वर शिरस्त्राण किंवा मुकुट, दोन बाजूंना ढाल धरून उभे प्राणी, खाली पट्टीवर ब्रीदवाक्य. ही युरोपातल्या सरदारांची पद्धत. चिलखतात तोंड झाकलेला माणूस आपला की परका हे लांबून कळावं म्हणून ढालीवर खूण आली. म्हणूनच त्यात रंगांचा एक कडक नियम आहे. सोनेरी आणि चंदेरी हे ‘धातू’, तर लाल, निळा, काळा, हिरवा हे ‘रंग’. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. पिवळ्यावर पांढरं लांबून दिसत नाही, लालवर पिवळं दिसतं. पोस्टर डिझाइन करणाऱ्यांनी कॉन्ट्रास्टचा हा धडा कितीतरी शतकं जुना आहे हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर गळ्यातलं कॉलेजचं आय-कार्ड बघा. बोधचिन्हात ढाल आहे का? खाली पट्टीवर संस्कृत वाक्य? मग ही पद्धत तुमच्या गळ्यात आहे.

ती आपल्याकडे रुजली कशी, याचा एक मोठा प्रसंग इतिहासात आहे. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटननं दरबार भरवला. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर केलं. या दरबारासाठी आपल्या संस्थानिकांना युरोपीय धाटणीची राजचिन्हं देण्यात आली. ती तयार करणारा होता रॉबर्ट टेलर नावाचा बंगालमधला इंग्रज सनदी अधिकारी. सॅटिनच्या जड निशाणांवर ती भरून संस्थानिकांच्या हाती सोपवली. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या घराण्यांना आपल्या पराक्रमाच्या खुणा नव्हत्या असं थोडंच आहे? पण त्या ढालीत कशा बसवायच्या, हे ठरवणारा हात दुसऱ्याचा होता.

आणि आपला झेंडा?

आता तो टोचणारा भाग.

झेंड्यांच्या या मालिकांमध्ये ‘इंडिया’ शोधायला गेलात, तर काय दिसतं? आपण ज्याला आपला म्हणू असं काहीच नाही. दिसतो तो ब्रिटिश झेंडा आणि त्यावर ‘स्टार ऑफ इंडिया’ हे ब्रिटिशांनीच काढलेल्या किताबाचं चिन्ह. ब्रीदवाक्यही त्यांचं. शेजारच्या तुकड्यावर सयामचा हत्ती मोकळा चालतोय, जपानचा सूर्य आहे, इराणचा सिंह आहे. कोट्यवधी लोकांच्या आपल्या देशाच्या नावापुढे मात्र मालकाचं निशाण.

आपला झेंडा तेव्हा नव्हताच का? होता की. मादाम भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये, समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, जगभरच्या प्रतिनिधींसमोर भारताचा तिरंगी झेंडा फडकवला होता. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’. सिगारेट सिल्कची लाट यायला अजून दोन-चार वर्षं होती. म्हणजे मालिका निघू लागल्या तेव्हा हा झेंडा जगानं पाहिलेला होता.

पुढे १९३१ मध्ये काँग्रेसनं चरख्याचा तिरंगा अधिकृतपणे स्वीकारला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये केन्सिटास सिगारेटच्या पाकिटातून विणलेल्या रेशमी झेंड्यांचे संच निघाले, त्यातला एक खास ब्रिटिश साम्राज्याच्या झेंड्यांचा. हे तुकडे छापील नव्हते, यंत्रमागावर विणलेले. हातात घेतले तर बघत राहावं इतकं देखणं काम. पण चरख्याच्या तिरंग्याला त्या पाकिटात जागा मिळणं शक्यच नव्हतं. तो झेंडा हातात धरणारे तेव्हा इथे लाठ्या खात होते, तुरुंगात जात होते.

‘जगातले झेंडे’ म्हटलं की आपल्याला वाटतं, ही नुसती माहिती आहे. जनरल नॉलेज. पण यादी कुणीतरी बनवलेली असते. कोणाला देश म्हणायचं आणि कोणाला वसाहत, हे एका सिगारेट कंपनीच्या पाकिटातून लाखो घरांत पोचत होतं, उशीच्या अभ्र्यावर शिवलं जात होतं, त्यावर डोकं ठेवून मुलं झोपत होती. म्हणून असा कुठलाही सेट समोर आला, मग तो रेशमाचा असो की मोबाइलमधल्या इमोजींचा, की ‘यात कोण आहे’ यासोबत ‘यात कोण नाही’ हेही मोजा.

मग जमवायचं कशाला?

प्रश्न रास्त आहे. सिगारेट खपवायला काढलेली वस्तू, साम्राज्याची शेखी मिरवणारी वस्तू. तिचा नाद कशाला?

माझं म्हणणं, म्हणूनच. ज्या वस्तूनं एका पिढीला भुलवलं ती जपून ठेवली, तरच ती कशी भुलवते हे पुढच्यांना कळतं. पाकिटातली भेट तेव्हा चालायची. आज आपल्याकडे २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आहे, पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्यानं भरलेला असतो आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे. (तुमच्या गेटसमोरची टपरी आठवली ना?) पण ‘सेट पुरा करा’ ही युक्ती कुठे गेली? गेममधले स्किन्स, मर्यादित आवृत्तीचे बूट, पेटी फोडल्यावरच कळणारी खेळणी. एक राहिलंय, एवढं झालं की बास. ते ‘बास’ येत नाही.

तिकडे हा खेळ थांबला तोही धंद्याच्याच कारणानं. १९१३ मध्ये कॅमल सिगारेट आली आणि तिनं पाकिटावरच छापलं की आमची तंबाखू इतकी महाग आहे की भेटवस्तू आणि कूपनं परवडत नाहीत. भेट न देणं हीच जाहिरात झाली! ब्रँड तुफान चालला. इंग्लंडमध्ये सिगारेट कार्डं मात्र दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये कागदाच्या टंचाईनं बंद पडली.

एकही रुपया न घालता सुरुवात

या छंदातलं सगळ्यात गाजलेलं नाव जेफरसन बर्डिक. अमेरिकेतल्या सिराक्यूज शहरात एका कारखान्यात काम करणारा साधा माणूस, संधिवातानं बोटं आखडलेली. त्यानं तीन लाखांहून जास्त कार्डं आणि तत्सम कागद जमवले आणि सगळे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. १९६३ मध्ये तो गेला. त्यानं केलेल्या वर्गवारीत सिल्कसाठी ‘एस’ आणि फलालीनसाठी ‘बी’ ही अक्षरं आहेत. जगभरचे संग्राहक आजही तीच वापरतात.

या म्युझियमचा, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा संग्रह घरबसल्या फुकट बघता येतो. सुरुवात तिथून करा. एक देश निवडा आणि त्याचा झेंडा वेगवेगळ्या मालिकांत कसा बदलला ते शोधा. इतिहास, डिझाइन, टेक्स्टाइल, मास मीडिया, कशाच्याही प्रोजेक्टला चालेल.

विकत घ्यायचंच असेल, तर झेंडे हे सगळ्यात सोपं दार. ते भरपूर छापले गेले, त्यामुळे बेसबॉल खेळाडूंच्या सिल्कसारखे ते महाग नाहीत. घेताना तीन गोष्टी बघा. मागचा छापील कागद असलेला तुकडा असेल तर तो कागद शाबूत आहे का, कडा उसवल्यात का, आणि तुकडा गोधडीतून उसवून काढलाय का. शेवटचं टाक्यांच्या बारीक भोकांवरून कळतं. काही जण असा तुकडा नाकारतात. पण कुणाच्या तरी सुईची ती खूण आहे, असंही बघता येईल.

आणि घेतलात तर सांभाळा. धुवायचा नाही, रंग फुटतात. इस्त्री नाही. सेलोटेप, गोंद तर नाहीच. त्या काळी रेशमाला वजन यावं म्हणून धातूचे क्षार चढवायची पद्धत होती. असं रेशीम कालांतरानं आपोआप चिरत जातं, म्हणून घडी घालू नका, सपाट ठेवा. आम्लविरहित कागदात ठेवा, उन्हापासून लांब. आपल्याकडे पावसाळा हा खरा शत्रू. बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, तेव्हा जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा उघडून बघा.

राहता राहिला तो झेंडा, जो कुठल्याच पाकिटात नव्हता. मादाम कामांचा झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी भारतात आणला. तो पुण्यात, केसरीवाड्यातल्या केसरी-मराठा संस्थेकडे जपलेला आहे. पेठेत कॉलेज असेल, क्लास असेल, तर तुम्ही त्याच्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर असाल. एखाद्या सुट्टीच्या दिवशी बघून या.